मातीत घातलेलं बोट

"अहो, पाणी पाजून मारलंत की हिला!" जास्वंदीची कुंडी तिरकी करत रोपवाटिकेतली बाई म्हणाली. बुडातून गढूळ पाणी थेट तिच्या चपलांवर आलं.

"मापानेच घालत होतो," कंपाउंडरकाका पुटपुटले. "दोनशे मिली. दिवसातून तीन वेळा."

बाईला हसू आवरेना. तिला काय ठाऊक, बत्तीस वर्षं दवाखान्यात औषधं देऊन काकांचं नावच गल्लीत 'तीनवेळा' पडलं होतं. जास्वंद बायकोची. ती गेली आणि घरात मागे एवढी एकच जित्ती वस्तू राहिली, म्हणून काका जिवापाड जपत होते. पानांनी मान टाकली, तसं त्यांनी पाणी चार वेळा केलं.

"तहानेनं मान टाकते, तशी पाणी जास्त झालं तरी टाकते," बाई म्हणाली. "वरून सारखंच दिसतं. आधी मातीत बोट घालून बघायचं. कधी बघितलंत?"

"नाही."

तिने कुजलेली मुळं छाटली, कोरडी माती भरली. "आता आठवडाभर काही करू नका. जगली तर जगली."

कुंडी कडेवर घेऊन काका घराकडे निघाले. वाटेत थांबून त्यांनी मातीत बोट खुपसलं आणि तिथेच उभे राहिले. बायकोही शेवटची दोन वर्षं अशीच मलूल झाली होती. "गळून गेल्यासारखं वाटतं हो," म्हणायची. काकांनी दवाखान्यातून टॉनिक आणलं. संपलं, तशी दुसरी बाटली आणली. एकदा दुपारी ती म्हणाली होती, "ते राहू द्या. नुसते बसा ना जरा इथे." त्यावर आपण काय बोललो, ते काकांना आता शब्दन्‌शब्द आठवलं. "बाटली हलवून घ्यायची, विसरू नकोस." आणि छत्री उचलून ते दवाखान्यात गेले होते. ती हृदयविकाराने गेली, तुमचा काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांना त्या दुपारचं कुठे माहीत होतं? काकांना स्वतःची शरम वाटली.

घरी त्यांची मुलगी खिडकीशी बसली होती. सासरहून काल अचानक आलेली, एक पिशवी घेऊन. चेहरा उतरलेला. सकाळी काकांनी तिच्यापुढे ठेवलेली टॉनिकची बाटली तशीच होती, सील न फोडलेली. शेजारी चमचा.

"घेते मी नंतर, बाबा."

काकांनी बाटली उचलून कपाटात ठेवली. कुंडी सावलीत टेकवली. मग खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. असं नुसतं बसायची सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"काय झालंय गं?"

"कुठे काय? दगदग झाली थोडी."

एरवी एवढं उत्तर काकांना पुरलं असतं. आज ते उठले नाहीत.

"तुझी आईही असंच म्हणायची," काका म्हणाले. "आणि मी बाटली देऊन निघून जायचो. एकदाही विचारलं नाही गं तिला."

मुलीची नजर त्यांच्या हाताकडे गेली.

"बोटाला माती लागलीय तुमच्या. धुऊन या ना."

"असू दे," काका म्हणाले. "तू बोल."