व्याह्यांना काय दाखवायचं

डेल टॉलेफसनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वायोमिंगचा नकाशा पसरला, तेव्हा त्याची बायको व्हर्ना गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. शाळेतल्या मुलांचं जेवण रांधता रांधता दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांचे दगड होत. शाळेला सुट्टी लागायला थोडे दिवस होते आणि सुट्टी लागली की लगेच व्याही येणार होते.

लेक रेलीन डेन्व्हरला असे. तिचा नवरा डेन्मार्कचा. त्याचे आईवडील, हेनिंग आणि बिर्गिट, पहिल्यांदाच अमेरिकेत येत होते. रेलीनने फोनवर सांगून ठेवलं होतं, "बाबा, त्यांना डोंगरबिंगर नकोत. छोटी गावं बघायचीत, खरे काऊबॉय बघायचेत. तुझ्याशिवाय कोण दाखवणार?"

झालं. डेलने जन्मभर लोकांची गुरं राखलेली. खुबा निकामी झाल्यापासून तो घरीच होता, खुर्चीतून उठायला दोनदा जोर करावा लागे. पण नकाशावर मात्र गडी सुसाट सुटला होता.

"पहिल्या दिवशी कॉर्विन. लायलचं खोगिरांचं दुकान दाखवू. मग हॅटीच्या खानावळीत जेवण. तिथून टू फोर्क्सचा रोडिओ, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी खाली उतरून..."

"गाडी कोण चालवणार?"

डेलचं बोट टू फोर्क्सवरच थांबलं.

"नाही, आपलं विचारते. बोट तुझं चाललंय नकाशावर सर्रकन. पेडलवर पाय माझा असणार."

"मी चालवीन की थोडी."

"डॉक्टरने काय सांगितलंय?"

"डॉक्टरला काय कळतंय?"

"खुबा कळतो," व्हर्ना म्हणाली. "पाणी गार झालं. टॉवेल दे."

दुसऱ्या दिवसापासून डेलने फोन लावायला सुरुवात केली. लायलच्या सुनेने उचलला. लायल आता वृद्धाश्रमात होता, माणसं ओळखत नव्हता. दुकानाला कुलूप होतं. हॅटीच्या खानावळीचा मालक म्हणाला, "बंद केली रे. आचारी मिळेना. तुझी बायको येते का बघ." टू फोर्क्सला यंदा काऊबॉयांच्या खेळांचा रोडिओच नव्हता. विम्याचं काहीतरी अडलं होतं. तिथल्या घोडी शिकवणाऱ्या जुन्या दोस्ताचा नंबर लागेना, तेव्हा डेलने त्याच्या शेजाऱ्याला विचारलं.

"मेला?" व्हर्नाने भांडी विसळता विसळता विचारलं.

"नाही. अॅरिझोनाला गेला, मुलाकडे."

"म्हणजे तेच."

डेल हसला नाही. प्रत्येक फोननंतर त्याचं बोट नकाशावर थोडं मागे येई. चार दिवसांचा प्रवास तीन दिवसांवर आला, मग दोनवर. खरं सांगायचं तर एकेक गाव गळत गेलं तसं व्हर्नाला सुटल्यासारखंच वाटत होतं. पण एका संध्याकाळी डेलने नकाशाची घडी घातली आणि काही न बोलता टीव्ही लावला, तेव्हा तिलाच राहवेना.

"मी चालवते," ती म्हणाली. "टू फोर्क्सला जाऊ. रोडिओ नसला तर नसो, मैदान तरी बघतील."

"रिकामं मैदान काय दाखवायचं, व्हर्ना?"



त्याच आठवड्यात रेलीनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. तिने सगळ्यांसाठी एक दिवस हॅगरमन रँचवर नाव नोंदवलं होतं. आता तिथे पाहुण्यांना हिंडवतात, घोड्यावर बसवतात, शेकोटीवरचं जेवण देतात.

डेलच्या आयुष्यातली बावीस वर्षं त्या हॅगरमन रँचवर गेली होती. म्हातारा मालक गेला, वारसांनी जमीन विकली आणि नव्या मालकाच्या मॅनेजरने फोनवरच डेलला कामावरून काढलं. राहतं घर रँचचंच, तेही गेलं.

व्हर्ना फोन घेऊन बाहेर ओट्यावर आली. "तुला दुसरी जागा नाही सापडली?"

"आई, मला वाटलं त्याला आवडेल. मी लहानाची मोठी झाले ना तिथे."

व्हर्ना पायरीवर बसली. पोरीला ओरडावं तर तिचंही काय चुकलं होतं? ती आत आली तेव्हा डेलने सगळं ऐकलेलं होतं.

"बरंच झालं की," तो म्हणाला. "एका दिवसात उरकेल. तुझेही पाय दुखणार नाहीत."

व्याही आले. रेलीन आणि तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून दोघेच आले. हेनिंग उंच, रुंद पंजांचा, बोलायला कमी. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. बिर्गिट शाळेत शिकवायची, तिचं इंग्रजी चांगलं होतं. रँचच्या वाटेवर ती गाडीच्या काचेतून सगळ्याचे फोटो काढत होती, धान्याची कोठारं, उलथलेली पाण्याची टाकी, अंगणात झोपलेलं कुत्रं. डेल "ते कॉर्विन" एवढंच म्हणाला आणि कॉर्विन मागे गेलं.

रँचवर मॅडी नावाची हसतमुख बाई त्यांना घ्यायला आली. कोऱ्या करकरीत हॅटची. गवताच्या गाडीवर चढताना तिने डेलला दंड धरून आधार दिला.

"सांभाळून, आजोबा. याआधी कधी रँचवर आला होतात?"

"येऊनजाऊन असायचो," डेल म्हणाला.

व्हर्नाने मान वळवली. हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. डेल मात्र पाहुण्यांमध्ये बसून निमूट ऐकत राहिला. मॅडीने कुरणं दाखवली, वासरांना मालकाचा डाग द्यायचा गोठा दाखवला, मग एका पांढऱ्या घराकडे बोट केलं. "इथे पूर्वी कामगार राहायचे. आता आम्ही इथे मालिश करून देतो."

सगळे जेवायला गेले. व्हर्ना मात्र हात धुवायचं निमित्त करून त्या घरात शिरली. भिंतींचे रंग बदलले होते, तिची आणि डेलची निजायची खोली आता तेलाच्या वासाने घमघमत होती. न्हाणीघरातला टब तेवढा तोच होता. ती त्याच्या कडेवर टेकली आणि तिला उठावंसंच वाटेना.

बऱ्याच वेळाने बिर्गिटने दार ठोठावलं. "बरं वाटत नाही का?"

"हे माझं घर होतं," व्हर्ना म्हणाली.

बिर्गिट दारातच थांबली, मग आत येऊन तिच्या शेजारी टबावर बसली. 

"आम्ही गेल्या वर्षी गाई विकल्या," बिर्गिट म्हणाली. "हेनिंग अजून पहाटे उठतो. बूट चढवतो, गोठ्यात जातो."

"मग?"

"मग परत येतो."

"आणि तुम्ही?"

"मी झोपल्याचं सोंग करते."

परतताना ऊन कललं होतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना नुसतं गवत. व्हर्नाचे डोळे मिटायला लागले. एकदा चाकं खडीवर गेली, खडखडाट झाला आणि तिने दचकून गाडी बाजूला घेतली.

"मला नाही जमत रे, डेल," ती स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाली. "खरंच नाही जमत."

डेल दार उघडायला लागला. तेवढ्यात हेनिंग मागून उतरून तिच्या खिडकीशी आला आणि त्याने किल्लीसाठी तळहात पुढे केला. "दुधाचा टँकर," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "खूप वर्षं."

अशी व्याह्यांच्या हाती गाडी गेली. डेल आणि व्हर्ना मागे बसले आणि मैलभरातच एकमेकांवर कलंडून झोपले.

व्हर्नाला जाग आली ती गाडी थांबल्यावर. पेट्रोल पंप होता. समोर घोड्यांचा ट्रेलर, आणि त्याला टेकून चौघेजण उभे. कपडे शेणाने माखलेले, हातात कागदात गुंडाळलेले गरम बरिटो.

बिर्गिट हळूच म्हणाली, "डेल, हे खरे काऊबॉय आहेत का?"

डेलने डोळे चोळले. "दुर्दैवाने."

चौघांतला सगळ्यात म्हातारा काचेशी वाकला. "अरे टॉलेफसन! जिवंत आहेस?"

"बायकोला विचारून सांगतो."

"उतर की खाली. सकाळपासून डाग देतोय. माणसं नाहीत रे, माझ्या जावयाने वासराऐवजी स्वतःचाच बूट भाजून घेतला."

"जावई शहरातला ना?"

"तू ओळखलंस!"

हसणं झालं. डेलने एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला आणि उतरला. हेनिंग केव्हाच ट्रेलरपाशी गेला होता. फटीतून हात घालून एका घोड्याच्या मानेवरून फिरवत होता, आणि कुणीतरी त्याला इंग्रजीतून भराभर काहीतरी सांगत होतं. त्याला कळत नसावं. तो मान हलवत होता.

"जाग्या आहात का?" बिर्गिटने विचारलं. "खायला आणू?"

"नको," व्हर्ना म्हणाली. "मला कुणी उठवू नका. त्यांचं होईपर्यंत थांबा."

तिने बूट काढले, डेलचा कोट पायांवर ओढला आणि मोकळ्या झालेल्या सीटवर आडवी झाली.