डावीकडं वळवलेलं हँडल

हॉर्न वाजला आणि शंभरेक माणसं एकदम मागं सरकली.

गाडीची चावी राजशेखर महाराजांच्या मुठीत होती. ती त्यांनी हात उंचावून सगळ्या गर्दीला दाखवली. सास्तूरच्या चौकात, भर दुपारी, हळदीकुंकवानं माखलेली, हँडलला लिंबू बांधलेली समर्थची मोटारसायकल उभी होती. त्याच्या आजोबांनी घेतलेली, चाळीस वर्षं जुनी. समर्थला जाऊन आज तेरा दिवस झाले होते. ओढ्याच्या वळणावर गाडी खाली गेली आणि त्याचं डोकं पुलाच्या दगडावर आपटलं. गाडीला मात्र ओरखडासुद्धा नाही. महाराजांना धंद्याला एवढं भांडवल पुरलं.

"आत्मा टाकीत बसलाय," महाराज म्हणाले. "इंजिनाची उष्णता सोसंना त्याला. बोल समर्था, करणी कुणी केली? या म्हातारीनं?"

त्यांनी हँडल उजवीकडं, समर्थच्या आईकडं, कडूबाईकडं वळवलं. गाडी गप्प.

"का हिनं?"

हँडल डावीकडं, समर्थच्या बायकोकडं, हर्षालीकडं वळलं आणि हॉर्न बोंबलला.

हर्षालीचं गाठोडं सकाळीच उंबऱ्याबाहेर आलं होतं. दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडायचं, तीन वर्षांची अर्पिता मात्र आजीकडंच राहील, आणि गाडी तळ्यात बुडवायची, असा महाराजांचा हुकूम होता.

गर्दीच्या मागं पंचाक्षरी वायरमन उभा होता. पहिल्याच हॉर्नला त्याच्या सगळं ध्यानात आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी या गाडीची वायरिंग त्यानंच केली होती. हँडलच्या मानेपाशी तारा आखूड पडल्या. नव्या आणायला तालुक्याला, लोहाऱ्याला जावं लागलं असतं. त्यानं त्या ताणून टेपनं बांधल्या, हँडल सरळ ठेवूनच दिवा-हॉर्न तपासला आणि गाडी देऊन टाकली. हँडल दोन्हीकडं पुरतं वळवून बघायचं असतं, हे तो स्वतः चार जणांना शिकवायचा. गप्प बसला तर संध्याकाळी गाडी तळ्यात जाणार होती, आणि कुणाला काही कळणार नव्हतं.

"दे ती पोर इकडं," कडूबाईनं अर्पिताला हर्षालीच्या कडेवरून ओढलं. पोरगी आईचा पदर सोडेना. पंचाक्षरीला ते बघवलं नाही.

"महाराज, जागा बदला," तो पुढं येत म्हणाला. "ताई उजवीकडं, तुम्ही डावीकडं."

"आत्म्याची परीक्षा घेतो व्हय रे?"

"न्हाय. वायरीची."

हर्षाली उजवीकडं आली, महाराजांना लोकांनीच डावीकडं सरकवलं. त्यानं हँडल उजवीकडं, हर्षालीकडं वळवलं. गाडी गप्प. डावीकडं वळवलं आणि हॉर्न महाराजांच्या तोंडावर वाजला.

"म्हंजी करणी महाराजांनी केली म्हणायची," बलभीम तात्या म्हणाले. गावातलं थोरलं माणूसच असं बोललं, तसे लोक हसायला लागले.

"आत्मा बिथरलाय," महाराज म्हणाले. "लिंबू बदलावं लागंल."

पंचाक्षरीनं ब्लेडनं टेप कापली. एका तारेवरचं रबर सोलून तांबं उघडं पडलं होतं.

"हॉर्नला चावी लागत न्हाय, समर्थनंच तसं जोडून घेतलं होतं. बटण दाबलं की ही तार लोखंडाला जोडती आन हॉर्न वाजतो. आता ती सोललीय. डावीकडं वळवलं की आपोआप लोखंडाला लागती." त्यानं मधे पुठ्ठ्याचा तुकडा घातला आणि हँडल डावीकडं वळवलं. हॉर्न वाजला नाही.

"महाराज, सकाळी तुम्ही दार लावून गाडी पुजत होता, हॉर्न कुठं वाजतो ते तवाच कळलं असंल तुम्हाला," तात्या म्हणाले. महाराज पिशवी आवरायला लागले.

पंचाक्षरीला इथं थांबता आलं असतं. पण कडूबाई पुढं आली. "मंग त्या रात्री वळणावर माझ्या लेकाच्या गाडीचा दिवा कसा गेला? मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं. ती करणी हिचीच." आणि मघाशी हसलेल्यांच्या माना पुन्हा हर्षालीकडं वळल्या.

पंचाक्षरीनं महाराजांच्या हातातून चावी घेतली आणि दिवा लावला. हँडल डावीकडं, दिवा बंद. सरळ, दिवा चालू.

"दिव्याची तार आतून तुटलीय, काकू. वळवलं की सुटती. ओढ्याचं वळण डावीकडंच हाय. तारा म्याच आखूड बांधल्या. दिवा माझ्या हलगर्जीपणानं गेला."

कडूबाईनं अर्पिताला खाली ठेवलं. स्वतः हँडल धरलं, वळवलं, सरळ केलं. पुन्हा वळवलं, पुन्हा सरळ केलं. पोरगी केव्हाच आईकडं पळाली होती, तिला कुणी अडवलं नाही.

"तोंड दाखवू नगंस मला," कडूबाई शेवटी म्हणाली.

"ठाण्यात जातो, तिथंबी हेच सांगतो," पंचाक्षरी म्हणाला. "तुमचा माझ्यावरचा राग खराय, काकू, तुम्ही हातानं वळवून बघितलं. ताईवर राग धरला तवा कुणीच बघितलं न्हवतं." मग तो गर्दीकडं वळला. "तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो. कुणी म्हणतंय म्हणून माणूस घराबाहेर काढू नका. आधी टेप कापून बघा."