दोन गाड्यांचा प्लॉट

नगररचना खात्यात मी आयुष्य काढलं, त्यामुळे एक गोष्ट मला कुणी शिकवायला नको. माणसाला स्वतःची जमीन कधीच पुरेशी दिसत नाही. शेजाऱ्याची तेवढी ऐसपैस दिसते. खात्यात आमची एक रीतच होती. नकाशावर आधी रस्ते आखायचे, मग प्लॉट पाडायचे, आणि नाल्याकाठचे, कोपऱ्यातले, कुणालाच नको असलेले जे तुकडे उरतील त्यांत हिरवा रंग भरून टाकायचा. झाली मोकळी जागा! कायद्यात चपखल बसायची आणि तिथे एका पोराला धड चेंडू फेकता यायचा नाही. यावरून मी साहेबांशी इतकी भांडले, की शेवटी ते हात जोडून म्हणाले, "बाई, निवृत्त झालात की काढा तुमच्या मनासारखा नकाशा."

निवृत्त झाले आणि तशी वेळही आली. माझा धाकटा भाऊ बस डेपोत ड्रायव्हर आहे. डेपोतल्या साठ जणांनी सोसायटी काढून शहराच्या कडेला जमीन घेतली. अध्यक्ष कोण, तर हेड मेकॅनिक, ज्याला अख्खा डेपो 'पाना' म्हणतो. नकाशा काढायला जाणकार हवा होता, तोही फुकटात. धाकट्याने लगेच बहिणीचं नाव पुढे केलं. घरचीच बाई, फीचा प्रश्न नाही, आणि चुकलं तर शिव्या द्यायलाही हक्काची.

मी मन लावून काम केलं. साठ छोटे प्लॉट पाडले, भिंतीला भिंत लावून, पुढे पायरीपुरती जागा. वर एक मजला चढवला तर चार-पाच माणसांचं कुटुंब नीट राहील एवढे. आणि सगळ्यांच्या मधोमध एक सलग मैदान सोडलं, कायद्याला लागतं त्याच्या दीडपट. घरं दाटीची असली की बाहेरची जागा जास्त लागते, हे साधं गणित आहे. घरात मावत नाही ते माणूस बाहेर घेऊन येतो. पोरं येतात, म्हातारे येतात, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा येतात.

एका गोष्टीने मात्र माझा हात अडखळत होता. आमचे बाबा धाकट्याकडे राहतात. भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुली, भावजय, आणि बाबांची कॉट जिन्याखालच्या बोळात. बाबांनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. मातीला कधी हात लागला नाही, म्हणूनच की काय, म्हातारपणी त्यांना मातीचं वेड लागलं. तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना लावायचे आणि जिन्यावर ठेवायचे. घरमालक ते डबे उचलून फेकायचा. जमीन घेतल्यापासून बाबांचं एकच पालुपद, "मला नव्या घरात एक वाफा द्या. बाकी काही मागत नाही." माझ्या प्लॉटमध्ये बाबांसाठी खाली खोली बसत होती. वाफा बसत नव्हता.

नकाशा सगळ्यांना पसंत पडला. कागदावर सगळं छानच दिसतं. घोळ झाला तो पान्याच्या उत्साहामुळे. मला न विचारता त्याने जमिनीवर एका प्लॉटची चुन्याची फक्की मारून घेतली, बरोब्बर मोकळ्या रानाच्या मध्यभागी, आणि रविवारी सगळ्यांना बघायला बोलावलं. बरं, ही मंडळी येणार कशाने? बसने. दोन बस भरून आली आणि ड्रायव्हरांनी सवयीप्रमाणे गाड्या कुठे लावल्या? फक्कीच्या रेघेला चिकटून.

मी उतरले आणि कपाळावर हात मारला. उघड्यावर आखलेलं घर नेहमीच खुराड्याएवढं दिसतं. वर आभाळ, चारी बाजूंनी रान, त्यात चुन्याचा एक चौकोन काय दिसणार? त्यात शेजारी अजस्र बस. आणि बघणारे कोण, तर जन्मभर बसच्या मापाने जग मोजणारी माणसं. गल्ली असो, पूल असो की लग्नाचा हॉल, यांच्या मनात आधी गाडीच शिरते.

"हे एवढंच?" कुणीतरी म्हणालं.

एकाने पावलं टाकून बघितली. "लांबीला एक गाडी. रुंदीला दोन. दोन गाड्या शेजारी लावल्या की संपला प्लॉट!"

"आपल्या डेपोत याहून जास्त जागा टायरला आहे."

"भिंती उठल्या की मोठं वाटतं," मी ओरडून सांगितलं. "रिकामं जोतं नेहमी लहान दिसतं!"

"ऐका! भिंती घातल्या की जागा वाढते म्हणे!" सगळे खो खो हसले. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. एवढ्या वर्षांचं ज्ञान, आणि दोन उभ्या गाड्यांनी त्याची माती केली.

मग जे व्हायचं तेच झालं. मागणी आली की प्लॉट तीन गाड्यांचा करा, मागे थोडं अंगण सोडा. हिशेब मीच सांगितला, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन गाड्यांचे साठ प्लॉट म्हणजे एकशेवीस गाड्यांची जागा. तेवढ्याच जागेत तीन गाड्यांचे बसतात चाळीस. वीस कुटुंबं बाहेर.

"त्यांचे पैसे व्याजासकट परत देऊ," पाना म्हणाला. "नोकरीत जे नंतर लागले ते आधी गळतील. यात कुणावर अन्याय नाही."

धाकटा नोकरीत जुना, राहणाऱ्या चाळीस जणांत तो पक्का होता. तोच पुढे येऊन म्हणाला, "ताई, तीन गाड्यांचा कर. बाबांचा वाफा होईल."

मी म्हटलं, "अरे, आणि वीस जण?"

"त्यांना दुसरीकडे मिळेल. ते तरुण आहेत. बाबांकडे किती दिवस आहेत?"

तो चूक बोलत नव्हता. माझ्याही पोटात तेच होतं, फक्त माझ्या हातात पट्टी होती म्हणून मी शहाणपण सांगत होते.

पान्याने मत मागितलं. तीन गाड्या पाहिजेत त्यांनी हात वर करा. भराभर हात वर झाले. धाकटा एका बसच्या तोंडाशी उभा होता, त्याने हात वर केला आणि सवयीने बाजूच्या आरशात बघितलं. ड्रायव्हर मान वळवून मागे बघत नाही, आरशात बघतो. मी त्याच्या शेजारीच होते, म्हणून मलाही दिसलं. मागच्या दाराच्या पायरीवर त्याचा कंडक्टर उभा होता, आणि त्याचाही हात वर होता.

या कंडक्टरला सगळे 'घंटी' म्हणतात. धाकटा आणि तो कित्येक वर्षं एका गाडीवर आहेत. एकाने पुढे बघायचं, दुसऱ्याने मागे. दिवसभर एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण घंटीच्या ठोक्यावरून त्याचं डोकं दुखतंय की पोट, हे धाकट्याला कळतं. नोकरीत तो उशिरा लागला. गळणाऱ्या वीस जणांत त्याचं नाव होतं आणि हे त्याला ठाऊक होतं.

धाकटा तरातरा मागे गेला. मीही मागोमाग.

"तू कशाला हात वर केलास रे? अक्कल गहाण टाकलीस का?"

घंटी ओशाळून हसला. "सगळ्यांचा वर होता, भाऊ. मी एकट्याने खाली ठेवला तर लोक म्हणतील, स्वतःच्या जागेसाठी रडतोय."

"मग रड की!"

"तुमच्यापुढे? नाही जमत."

धाकट्याने इकडेतिकडे बघितलं. गळणारे सगळे मागच्या बाजूला गोळा झाले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे हात वर होते. काही जण नुसतेच चपलेकडे बघत होते. कुणालाही भीक मागायची नव्हती.

"पान्या!" धाकटा एवढ्या मोठ्याने ओरडला की मोजणारा पाना दचकला. "मोजू नकोस. आपण काय करतोय कळतंय का? गाडीत जागा असताना थांब्यावर माणूस सोडायचा नाही, हे नव्या पोरांना कोण शिकवतं? आपणच ना? मग इथे वीस घरं थांब्यावर सोडून चाललोय, आणि ती आपल्याला हात करतायत!"

"पण तुझ्या वडलांचा वाफा..." पाना चाचरत म्हणाला.

"माझ्या वडलांचं मी बघीन!"

कुजबुज झाली, वादावादी झाली, दोघे-तिघे तर हमरीतुमरीवर आले. पुन्हा मत झालं. काठावर का होईना, दोन गाड्यांचा प्लॉट राहिला. ज्यांना तीन हव्या होत्या ते माझ्याकडे असे बघत होते जणू मीच त्यांची तिसरी गाडी पळवली.

मला वाटलं, जिंकलो. पण परत निघताना धाकट्याने मला बाजूला घेतलं. तो शांत होता, आणि तो शांत असला की मला धडकी भरते.

"साठही राहिले. आता माझं एक काम कर. मैदान तू कायद्याच्या दीडपट सोडलंयस. ते वरचं अर्धं सगळ्यांना वाटून टाक. किती येईल एकेकाला?"

मी आधीच हिशेब करून ठेवला होता, कारण मलाही मोह झाला होता. "घरामागे एक पट्टी. बसमधली मधली वाट असते ना, तेवढी."

"बाबांना तेवढी पुरेल."

खरंच पुरली असती. पुदिना, दोन मिरच्या, एक वेल. मी मैदानाकडे बघितलं. तिथे अजून काहीच नव्हतं, नुसतं गवत.

"बाबांना पुरेल," मी म्हटलं. "पण बाकीचे एकोणसाठ जण त्या वाटेत काय करतील सांगू? पहिल्या वर्षी पत्रा टाकतील, दुसऱ्या वर्षी मोरी काढतील. आणि मैदान जे उरेल त्यात चार पोरं खेळली की पाचव्याला चेंडू लागेल. दोन गाड्यांत राहणाऱ्या माणसाला बाहेर यायला जागा नको? घरात कुणाचं लग्न निघालं, कुणी गेलं, तर माणसं उभी कुठे राहणार?"

"सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नाही, ताई. तिथे कचरा पडेल."

"पडेल. मग साठ जण मिळून भांडाल. वाटून टाकलेली जागा मात्र परत कधीच गोळा होत नाही. मी नोकरीत हेच बघत आले. आजवर एकदाही झालेली नाही."

तो गाडीत चढता चढता म्हणाला, "ठीक आहे. नकाशा तुझा, निर्णय तुझा. बाबांना पण तूच सांग."

धाकट्याच्या घरी आले तेव्हा बाबा बोळात कॉटवर बसून वाट बघत होते. भावजयीने माझ्याकडे बघितलं, काय ते ओळखलं आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली.

"काय झालं? माझा वाफा कुठे काढलास?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. वीस घरांचं सांगितलं, घंटीचं सांगितलं, धाकटा कसा ओरडला तेही सांगितलं. ते ऐकताना बाबांची मान ताठ झाली. मग पट्टीचंही सांगितलं. ते लपवलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, पण मला ते जमलं नाही.

"म्हणजे होत होता," बाबा म्हणाले. "वाफा होत होता."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो, बाबा. पण दारासमोरच मैदान आहे. तिथे तुम्ही झाड लावा, मी स्वतः आणून देते. बाक टाकू, सावली होईल, तुमच्या वयाची माणसं..."

"झाड नको मला. झाड सगळ्यांचं होतं." त्यांनी कॉटच्या कडेवर बोटांनी ठेका धरला, शिवणयंत्रावर धरायचे तसा. "वीस घरं राहिली ते फार चांगलं झालं. पोरगा बोलला ते तर फारच चांगलं झालं. तुझंही बरोबर असेल, तू शिकलेली आहेस."

"बाबा, ऐका ना, पुढे-मागे आपण कुंड्या..."

"थांब जरा." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. ते वाटू दे. लगेच समजावू नकोस."

लोकांना समजावण्यात माझा जन्म गेला होता. त्या दिवशी मी गप्प बसले. आतून चहाचा वास येत होता आणि भावजय मुद्दाम बाहेर येत नव्हती. थोड्या वेळाने मला रडू आलं, आणि बाबांनीही मला समजावलं नाही.