घंटीनंतरचं बोलणं

आमच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष नाकावर माशी बसू देत नाहीत आणि कुणाला चौथं मिनिट बोलू देत नाहीत. सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं. ती संपली की अध्यक्ष टेबलाखालचं बटण दाबतात, भिंतीवर घंटी वाजते आणि बोलणाऱ्याने गप्प बसायचं. माइकसुद्धा तिथल्या तिथे बंद होतो. मागून सगळे त्यांना ‘घंटीवाले’ म्हणतात, मीही म्हणते. मी मंडळाची चिटणीस. त्यांच्या शेजारी बसून सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि स्वतः अवाक्षर काढायचं नाही, हे माझं काम. सात सभासदांचा काथ्याकूट ऐकताना वाटतं, ही घंटी आधी त्यांना लावायला हवी.

त्या दुपारी मात्र गप्प बसणं जिवावर आलं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांचा एकुलता एक वर्ग बंद करायचा ठराव होता, आणि त्या वर्गात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी होती. आमची चिमी, अकरा वर्षांची. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मते सगळं सोपं होतं. ही मुलं नेहमीच्या वर्गांत पहिल्या बाकावर बसतील, शिक्षकांच्या ओठांकडे बघून समजून घेतील, मग खुणांची भाषा येणाऱ्या वेगळ्या बाई हव्यात कशाला? सभासद माना डोलावत होते. वर्गाच्या बाई मागच्या रांगेत तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या, कारण ज्याची नोकरी चर्चेला आलीय त्याने त्या विषयावर बोलायचं नाही असाही आमचा एक नियम आहे. नियमांना आमच्याकडे तोटा नाही.

नागरिकांची पाळी आली तेव्हा चिमी उठली. ती सभासदांकडे तोंड करून उभी राहिली आणि माझी बहीण माइक घेऊन तिच्या बाजूला, जरा मागे. चिमी हातांनी बोलणार आणि आई ते आवाजात सांगणार, असं ठरलं होतं.

चिमीच्या खुणांपैकी मला ‘जेव’, ‘झोप’, ‘ये’, ‘शहाणी’ एवढ्याच येतात. आमचं बोलणं तेवढंच, त्यामुळे पोरगी घुमी आहे असा माझा समज होता. घुमी कसली! हात सुरू झाले आणि मी क्षणभर लिहायचंच विसरले. बोटं बोलत होती, भुवया बोलत होत्या, खांदे मधेच टोमणे मारत होते. बहिणीची तिच्यामागून धावताना त्रेधा उडाली. मिशीवाल्या सरांचे ओठ वाचायचे म्हणजे झुडपात पडलेलं बटण शोधायचं, असं चिमी म्हणाली तेव्हा अख्खा हॉल हसला आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीकडे गेला. एवढं सगळं ह्या मुलीत होतं, माझ्या मांडीवर वाढलेल्या मुलीत, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

नंतर तिचा चेहरा बदलला. मागे एक वर्ष ती नेहमीच्या वर्गात, त्याच पहिल्या बाकावर बसली होती. एकदा काय झालं, असं बहीण तिच्यासाठी सांगायला लागली आणि घंटी वाजली. माइक बंद झाला. बहीणही गप्प झाली; नियम मोडणं आमच्या रक्तातच नाही.

चिमी बोलतच राहिली. अध्यक्षांनी पुन्हा बटण दाबलं. चिमीचे हात चालूच. मग त्यांनी बोट बटणावरून उचललंच नाही, आणि त्या कर्कश आवाजावर आवाज चढवून ते चिडून म्हणाले, “अहो, त्या मुलीला ऐकू येत नाही का?”

कुणी हसलं नाही. घंटी थांबली. अध्यक्षांचा चेहरा पाहवत नव्हता. टेबलाखालचा हात त्यांनी वर घेतला आणि चटका बसल्यासारखा दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

चिमीला यातलं काही कळलं नव्हतं. ती सांगत होती आणि एकमेकांचं वाक्य कधीही पुरं होऊ न देणारे सातही जण श्वास रोखून बघत होते. तिने हवेत गणित मांडलं, खाली मान घालून सोडवलं, मग मान वर केली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, वळून मागे पाहिलं. मग तिचे हात उघडे, रिकामे, तसेच राहिले.

“ताई,” अध्यक्ष बहिणीला हळू आवाजात म्हणाले, “माइक चालू केलाय. राहिलेलं सांगा.”

“मी गणित करत होते,” बहिणीने सांगितलं. “मान वर केली तर वर्गात कुणीच नव्हतं. आगीची घंटा झाली होती, सगळे बाहेर पळाले होते. तो नुसता सराव होता, पण ते मला नंतर कळलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं म्हणून सगळे मला टाकून गेले.”

ठराव मताला आला. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा, असं अध्यक्षांनी म्हटलं. हात चिमीला वाचता येतात. तिने टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाकडे पाहिलं, आणि एकही हात हलला नाही. विरोधात सगळे वर गेले, सर्वांत आधी अध्यक्षांचा. अध्यक्षांनी बरोबरी झाली तरच मत द्यायचं असतं. मी त्यांना आठवण करून दिली नाही.

सभा उठल्यावर चिमी माझ्या टेबलापाशी आली, समोरच्या कागदांवर बोट ठेवून तिने हातांनी काहीतरी विचारलं. “सगळं लिहिलंस का, म्हणते,” बहीण म्हणाली. घंटीनंतरचं बोलणं इतिवृत्तात घ्यायचं नसतं. मी शब्दन् शब्द घेतला होता.

मी मान डोलावली, पण ‘सगळं’ म्हणायची खूण मला येत नव्हती. तसं मी बहिणीला सांगायच्या आतच चिमीने माझ्या हातातलं पेन काढून ठेवलं, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ती खूण माझ्याकडून करून घेतली.