चाकाखालचं बोर
खेळण्यातल्या ट्रॅक्टरचा नाद शेवगावात आणला कानिफनाथनं, आणि त्यावर डॉक्युमेंटरी करणारे येऊन उतरले ते त्याच्या चुलतभावाच्या, अजिनाथच्या दारात. तेव्हापासून कानिफनाथच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

हातभर लांबीचे, रिमोटवर चालणारे ट्रॅक्टर. पोरंटोरं सोडा, चांगले मिशीवाले बाप्ये त्यांना ट्रॉल्या जोडतात, ट्रॉलीत काड्यांचा ऊस भरतात, मागं 'आईची कृपा' रंगवतात. अजिनाथला रिमोट धरायला शिकवलं तेही कानिफनाथनंच. पण अजिनाथचं बोलणं गोड, हसणं मोकळं. पुण्याहून आलेली दिग्दर्शिका मनवा त्याच्यावरच खूश. कानिफनाथ आपले सगळे ट्रॅक्टर पुसून, नवा शर्ट घालून बसला, तर त्याला कुणीतरी म्हणालं, "काका, जरा बाजूला सरकता का?"

"त्येला काय येतंय? समदं माझंच उचललंय," तो घरी बायकोपाशी, धनश्रीपाशी धुसफुसला.

"तुमीच शिकवलं ना? मग शिकला म्हनून जळता कशाला?"

शेवटच्या दिवशी अजिनाथच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा होती. खऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. खेळण्याच्या चाकाखाली पिकलेलं बोर ठेवायचं. लिंबावर चढलं की हलकं खेळणं उलटतं. स्वतःचा पहिला ट्रॅक्टर मोडून कानिफनाथ हे शिकला होता, आणि बोराची प्रथा त्यानंच पाडली होती. आता गावातल्या सगळ्या शौकिनांना ती पाठ होती.

"बोर दादाच ठिवनार," अजिनाथ सगळ्यांसमोर म्हणाला. "मान त्यांचा हाय."

मान, आणि तो आता यानं द्यायचा. कानिफनाथला ते मिरचीसारखं झोंबलं. ताटात देवापुढचं लिंबूही होतं. अजिनाथ रिमोटकडे बघत होता. ट्रॅक्टर निघाला, चढला, कलला आणि टेबलावरून खाली गेला. धुराडं मोडलं.

"दादा, गडबडीत लिंबू ठिवलं काय?"

"व्हय, गडबडीत."

"जाऊ द्या, हुतं असं," म्हणत अजिनाथ तुकडे गोळा करायला बसला. त्या दिवशी कानिफनाथला दोन घास जास्त गेले.

उन्हाळ्यात फिल्म तयार झाली. मंगल कार्यालयात पडदा लावला, झाडून सगळे शौकीन जमले. पडद्यावर अजिनाथ सांगत होता, "माझं कशाला घेता? हे समदं आमच्या दादांचं हाय. पूजेला त्यांचाच चेहरा घ्या." आपण या पोराशी काय केलं, असं कानिफनाथला पहिल्यांदाच वाटलं.

मग पूजा आली. त्याला वाटलं होतं, कॅमेरा ट्रॅक्टरवर असेल. तो त्याच्यावर होता. भिंतभर पडद्यावर त्याच्या तळहातावर लालचुटुक बोर दिसलं. ते खिशात गेलं. हात ताटाकडे वळला, लिंबू उचललं, चाकाखाली सरकवलं. ट्रॅक्टर अजून हललाही नव्हता, आणि कानिफनाथ हसत होता. खाली अक्षरं उमटली: कानिफनाथ, अजिनाथचे गुरू.

मनवानं कौतुकानं टाळ्या वाजवल्या. तिला त्यातलं काय कळणार. बाकी कुणीच वाजवल्या नाहीत. धनश्री खाली मान घालून बसली.

पुढच्या रांगेतला अजिनाथ मागे वळला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "बोर हुतं की तुमच्याकडं."