वाढत्या मापाची सायकल

मला दुकानात कुणी ताटकळत ठेवलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी तर ते घरूनच फिरून आलं होतं. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरलेले, शिलाई मशीनशेजारी गणवेशाच्या कापडाचे तागे माझ्या छातीपर्यंत रचलेले, आणि हा सायकलवाला आमच्या लेकीला म्हणतोय, "बस हं बाळ. आता उठ. परत बस." अर्धा तास त्याची हीच कवायत चालली होती.

लेक पाच वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात. का, ते तिच्यासोबत पाच मिनिटं घालवली की कळतं. दोन वर्षं तिने बिनपेडलची छोटी सायकल पायाने ढकलत अशी काही पळवली, की खालच्या मजल्यावरच्यांनी दाराबाहेर चपला ठेवणं सोडून दिलं. आता त्या सायकलवर तिचे गुडघे हँडलला लागायला लागले होते. तेव्हा पेडलची खरी सायकल घ्यायची, आणि घ्यायची ती चांगलीच, हे मी ठरवून टाकलं. नवऱ्याला विचारलंही नाही. तो बस चालवतो. रस्त्यावर दिवसभर इतका बोलतो, की घरी आल्यावर त्याचं सगळं "हं" वर भागतं.

मला स्वतःला सायकल येत नाही. आठ वर्षांची असताना थोरल्या भावाच्या सायकलवरून पडले, मनगट मोडलं, आणि वर "भित्री" हे नाव पडलं. मनगट दोन महिन्यांत जुळलं, नाव काही गेलं नाही. आज छत्तिसाव्या वर्षी दोन्ही हातांत गाठोडी धरून मी पायी फिरते आणि चार गल्ल्या लांबची शाळा मला परगावासारखी वाटते. लेकीला मात्र कशाचीच भीती नव्हती. ती तशीच राहावी, एवढंच मला हवं होतं. बाकी अभ्यासात ती काय दिवे लावायचे ते लावो.

सायकलवाला माणूस भारी सावकाश. पण काम जाणणारा, हे मला कबूल करावं लागेल. चित्रंबित्रं चिकटवलेली, टोपलीवाली एक चकचकीत सायकल मी दाखवली, तर त्याने ती उचलून माझ्या हातात दिली. माझा खांदाच खाली आला. "ताई, पोरीच्या निम्म्या वजनाची आहे ही. पडली तर ती उचलणार कशी?" मग त्याने आतून एक निळी सायकल आणली. ही एका हाताने उचलली जात होती. ब्रेक त्याने स्वतःच्या करंगळीने दाबून दाखवला. पेडल हाताने फिरवलं तर कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं. साखळीवर पूर्ण झाकण, म्हणजे पायजमा अडकायची भीती नाही. मी शिवण तपासते तसं सगळं जोडकाम बोट फिरवून पाहिलं. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

"हिच्या पायाचं आतून माप घेतो," म्हणत तो वही शोधायला लागला. मी पर्समधून टेप काढली आणि तो उठायच्या आत सांगितलं, "साडेसतरा इंच."

"मग ही बरोबर. हिची सीट सतरापर्यंत खाली येते. दोन्ही पाय सपाट टेकतील."

निळ्या सायकलीला एक थोरली बहीण होती. तीच बनावट, तोच रंग, फक्त एक नंबर मोठी. माझी नजर केव्हाची तिच्यावर होती. मी विचारलं, "आणि हिची?"

"साडेएकोणीस. ही पुढच्या वर्षी."

आता हे बघा, मी अठरा वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई एकच वाक्य बोलते, वाढत्या मापाचं शिवा. आणि मी शिवते. प्रत्येक पँटच्या, प्रत्येक स्कर्टच्या दुमडीत माझे दोन इंच जास्तीचे असतात. पोर वाढलं की दुमड उसवायची, इस्त्री मारायची, गणवेश पुन्हा नवा. माझा गणवेश दोन वर्षं जातो म्हणून लोक तीन शिंपी ओलांडून माझ्याकडे येतात. मापाचं कापड मापात कापणं मला उधळपट्टी वाटते. हात तसा चालतच नाही.

"थोरली द्या," मी म्हणाले.

"ताई, दोन इंच फार होतात."

"दादा, मी दिवसाला चाळीस पोरांचे पाय मोजते. मला माप शिकवू नका."

त्याने पावतीपुस्तक ओढलं. मागे उभा असलेला नवरा म्हणाला, "अगं, मापाची घे की." सबंध दिवसातलं त्याचं सर्वांत मोठं वाक्य, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की ते शेवटचंही ठरलं. सायकलवाल्याने पावतीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "आठ दिवसांत बदलून देतो. फक्त टायर घासलेले नकोत." मी पावती न वाचताच पर्समध्ये कोंबली. बदलायची वेळ दुसऱ्यांवर येते, माझ्यावर नाही, अशा तोऱ्यात.

इमारतीच्या मागे फरशी घातलेलं अंगण आहे. घरी पोचल्या पोचल्या भिंगरी सायकलवर चढली. चढली म्हणजे मी चढवली. पाय खाली सोडले तर अंगठे तेवढे फरशीला लागत होते. मी सीट धरून दोन फेऱ्या मारल्या, ती खिदळत होती, मग मी हात सोडला. दहा पावलं सरळ गेली. पोरगी गेली की हो, असं मनात म्हणतेय तोवर भिंत आली, तिने ब्रेक दाबला, सायकल थांबली, आणि थांबल्यावर टेकवायला पाय पुरेना. पोरगी सायकलसकट आडवी झाली. कोपर सोललं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. उठली, सायकलकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "उद्या."

दुसऱ्या दिवशी पोटात दुखत होतं. तिसऱ्या दिवशी चाक मळेल म्हणाली. चौथ्या दिवशी फडकं घेऊन सायकल पुसत बसली, पाचव्या दिवशीही पुसलीच. मी मशीनवर बसले की खिडकीतून अंगण दिसतं. शिवण घालता घालता माझी मान सारखी तिकडे. दोरा तुटला, सुई मोडली, एका स्कर्टला खिसा उलटा लागला. शेजारची पोरं आपापल्या गंजक्या सायकलींवर गोल गोल फिरत होती आणि ही आमची, चपला उडवणारी, भिंतीला टेकून त्यांना वाट देत होती. काय बिनसलं होतं ते मला सांगता येत नव्हतं आणि स्वस्थही बसवत नव्हतं.

सहाव्या दिवशी मी तिला उचलून सायकलवर बसवलं. ती माझ्या मानेला अशी चिकटली की सुटेना. माझा पारा चढला. म्हणाले, "एवढं काय त्यात? भित्री कुठली."

शब्द तोंडातून गेला आणि माझ्याच कानशिलात बसल्यासारखं झालं. नवरा दारात उभा होता. तो वळला आणि आत निघून गेला.

आठव्या दिवशी सकाळी एका शाळेचे तीस स्कर्ट दुपारपर्यंत पोचवायचे होते. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी मशीनवर काजं करत बसले होते. भिंगरी स्वयंपाकघरातून दुधाचा दुसरा पेला घेऊन आली. हिला दूध प्यायला लावायचं म्हणजे एरवी आम्ही दोघं घामाघूम होतो. मिशा पुसून ती सायकलशेजारी गेली, पाठ ताठ केली आणि सीट आपल्या कमरेला कुठे लागते ते हाताने चाचपून पाहिलं. मग माझ्याजवळ आली.

"आई, दोन इंच वाढायला किती दिवस लागतात?"

माझा मशीनवरचा पाय थांबला. "का गं?"

"सायकल चांगली आहे. मीच लहान आहे. मी दूध पितेय. पण तोपर्यंत तू रागवू नकोस."

काळजात चर्र झालं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. पाच वर्षांची पोर आठ दिवस स्वतःला दोष देत बसली होती. चूक माझ्या टेपची नव्हती. टेपने साडेसतरा सांगितलं होतं, ते मी माझ्या तोंडाने म्हणाले होते. त्यात दोन इंच मिळवले ते मी. कापडाचं जास्तीचं दुमडता येतं. लोखंडाचं मी कुठे दुमडणार होते? आणि भावाची ती सायकल, पाय हवेत, खाली जमीन कुठेच नाही, हे मला अठ्ठावीस वर्षं पाठ होतं, तरी मी नेमकं तेच तिच्यासमोर आणून ठेवलं होतं. वरून तेच नावही दिलं होतं.

मी उठले. स्कर्ट तसेच टाकले. पावती शोधताना पर्स जमिनीवर उपडी केली.

दुकान दोन मैल तरी असेल. मला सायकल येत नाही, त्यामुळे ती हाताने ढकलत, बाजूला पोरगी, अशी वरात निघाली. टायर घासू नयेत म्हणून खडीच्या रस्त्यावर मी सायकलच उचलून घेतली. लोक बघत होते. बघू देत. वाटेत त्या शाळेतून फोन आला, मी कापला. परत आला, परत कापला. अठरा वर्षांत मी एक दिवस कुणाचं काम उशिरा दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

सायकलवाल्याने आम्हाला पाहिलं, पावती पाहिली, मग खाली बसून टायरवरून बोट फिरवलं. टायर कोरे होते. कडेचे रबरी केसही अजून शाबूत होते. दुसऱ्या कुठल्या बाईला या गोष्टीने हायसं वाटलं असतं. मला मान वर करवेना. आठ दिवस पोरीकडे सायकल होती आणि टायर कोरे.

त्याने टोमणा मारावा म्हणून मी वाट पाहत होते, म्हणजे मलाही फणकारता आलं असतं. त्याने मारला नाही. भिंगरीच पुढे झाली आणि त्याला समजावून सांगायला लागली, "मी लहान आहे ना, म्हणून परत आणली."

"नाही," मी म्हणाले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. "तू अगदी बरोबर आहेस. चुकली ती आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. आई चुकली, हे वाक्य तिने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असणार. नवऱ्याने तर लग्नापासून ऐकलेलं नाही.

"मोजताना?"

"मोजून झाल्यावर. दादा, धाकटी द्या. मापाची."

निळी धाकटी विकली गेली होती. उरली होती ती मातकट पिवळी. भिंगरीने रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकलवाल्याने सीट पार खाली घेतली, तिला बसवलं, आणि तिची दोन्ही पावलं टाचेसकट जमिनीवर टेकली. तिने ती उचलली, परत टेकवली. चार-पाच वेळा तेच. या वेळी त्या कवायतीने माझं डोकं फिरलं नाही.

दुकानामागे गोदामाच्या भिंतीला लागून एक अरुंद गल्ली आहे, गाड्या येत नाहीत तिथे. मी सीट धरायला हात पुढे केला. तिने मान हलवली. पायांनी ढकलत निघाली, जुन्या सवयीने, मग एक पाय पेडलवर गेला, मग दुसरा. सायकल डुलली आणि सरळ झाली. वीसेक पावलांवर तिने ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकवले आणि मागे वळून विचारलं, "आई, पुढे जाऊ?"

ही पोरगी कधी विचारायची नाही. जिने उतरताना, गच्चीवर चढताना, कुत्र्याच्या तोंडात हात घालताना तिने मला कधी विचारलं नव्हतं. आठ दिवसांत हे विचारणं मी तिला शिकवलं होतं.

"जा," मी म्हणाले. "मला विचारू नकोस."

ती गेली. गल्लीच्या मध्यावर परत थांबली. "आणखी पुढे?"

"जा गं बाई. विचारायचं नाही."

गल्लीच्या टोकाला वळण होतं. त्यापलीकडचं मला दिसत नव्हतं, तिलाही नाही. तिथे ती पुन्हा थांबली, पावलं टेकवली. मी ओरडायला तोंड उघडलं, नको म्हणायला की जा म्हणायला, आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. तिने मागे पाहिलंच नाही. बाहीला नाक पुसलं, पेडलवर पाय ठेवला आणि वळून दिसेनाशी झाली.

मी तिच्यामागे धावले नाही. मुठी आवळून तिथेच उभी राहिले.