प्रवाळांचा दिवस

दिपाली धंतोलीतल्या एका लॅबमध्ये सकाळी नऊपासून लोकांचं रक्त काढायची. रात्री नऊला घरी येई तेव्हा चप्पल काढायचंही जिवावर येई. मग तिला एकच गोष्ट हवी असे. हॉलमधल्या दोन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसून आपले प्रवाळ, चार मासे आणि एक पट्टेरी झिंगा पाहायचा आणि कुणाशी बोलायचं नाही.

पण शेवाळ चढून प्रवाळ मरणपंथाला लागले होते. पहिला दिवा तिनं पांढराफट्ट घेतला आणि फसली. मग इंटरनेटवर बारा जणांना विचारून तेरा सल्ले ऐकले, निळा-पांढरा खास एलईडी आणला, पाण्यापासून हातभर उंच टांगला, तीस टक्के उजेडावर सुरू करून दर आठवड्याला जरा जरा वाढवला. प्रवाळांना उजेड आठ तास पुरे. तिनं टायमर दुपारी चार ते रात्री बारा लावला, म्हणजे तिलाही ते दिसतील. एवढं करूनही शेवाळ माजतच होतं. काच घासून घासून तिचे हात भरून यायचे.

सोमवारी डोकं ठणकायला लागलं म्हणून ती सकाळी अकरालाच घरी परतली. खिडकीचा पडदा सताड उघडा, टाकीवर एप्रिलचं ऊन, आणि समोर खुर्ची ओढून बसलेले बाबा. तीन महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचे वडील लहानूबाबा रामटेककडचं गाव सोडून तिच्याकडेच राहत होते.

"बाबा, पडदा काहून उघडला? या उन्हानंच शेवाळ वाढून राहिलं. तीन महिने मी दिव्याले दोष देऊन राहिली."

"अंधारात मासे दिसत नाही वं."

"चारले लागते ना लाईट."

"चारपर्यंत काय पाहू? भिंत?"

तिला संताप आला. घरात आपल्या मालकीचं असं तेवढंच होतं. ओरडायला तोंड उघडलं, पण तेवढी ताकद उरली नव्हती. तिनं पडदा ओढला आणि मोबाईलवर टायमर बदलला, सकाळी नऊ ते पाच. आता तिच्या नशिबी फक्त रविवार.

मंगळवारी रात्री टाकी काळीठिक्कर होती. एरवी सातलाच झोपणारे बाबा जागे होते.

"तुझा पट्टेरी झिंगा मेला वं. दुपारी पाहिलं तं उताणा पडला होता. तू कामात रडशीन म्हणून फोन नाही केला. मीच बसलो त्याच्यापाशी."

दिपालीनं पुढं होऊन मोबाईलचा उजेड टाकीत धरला. तीन महिन्यांत बाबा तिच्याशी गोळ्या आणि पोट साफ होणं सोडून काही बोलले नव्हते.

"मेला नाही, बाबा. कात टाकली त्यानं. ते नुसतं टरफल हाय. उद्या लाईट लागल्यावर पाहा, तो दगडामागं लपला असन."

"मले नाही ओळखू येत. तू थांबशीन काय?"

दिवा नऊला लागणार होता, आणि लॅबमधली हजेरीही नऊलाच होती.

"थांबीन," ती म्हणाली.